पंगतीच्या शेवटची रोपं

संगणकानं मला इशारा दिला होता: 'अट तपासताना मी फक्त पहिलाच आकडा बघितलाय.' पण उत्तरं तर सगळी आली होती, म्हणून मी काणाडोळा केला. मांडीवरची माझी वर्षाची लेक, चिमी, कीबोर्ड चाटत होती. तिच्याकडे बघू की इशाऱ्याकडे?

१९९९ साल. जळगावात यांच्या पाइपच्या दुकानात संगणक आला आणि माझ्या कॉलेजच्या सरांनी 'आर' या आकडेमोडीच्या संगणकभाषेची सीडी दिली. संख्याशास्त्र शिकून घरी बसलेली मी हरखलेच. यांच्या आत्या, रावेरच्या बेबाआत्या, केळीला पहिल्यांदाच ठिबक लावत होत्या. कुठल्या तुकड्याला किती वेळ पाणी, ते मी काढून देणार होते. फंक्शन, म्हणजे हिशेबाची कृती, लिहिली: झाडं मोठी असतील तर हा हिशेब, लहान असतील तर तो. सगळ्या तुकड्यांची वयं एकदम दिली, सगळ्यात जुनी बाग आधी. उत्तरं आत्यांना फोनवर सांगून टाकली.

रविवारी चिमीच्या जावळाची पंगत आत्यांच्याच मळ्यात होती. शेवभाजी वाढायला आत्यांचा मुलगा, चुडामणभाऊ. पहिल्याच पानावर बसलेल्या म्हाताऱ्या आबांना त्यांनी विचारलं, "तिखट चालतं ना?"

"वाढ रे, इचारतो काय!"

भाऊ जे सुटले ते थेट शेवटी चिमीच्या ताटात लालभडक रस्सा ओतूनच थांबले.

"अहो भाऊ, आबांना विचारलंत, पोरीला कुठे विचारलंत?" मी ओरडले, आणि घास हातातच राहिला. संगणकानं हेच तर केलं होतं! पहिली बाग मोठी, म्हणून नव्या रोपांनाही मोठ्यांचंच पाणी.

"आत्या, नव्या रोपांचं पाणी सोडलं का?"

"जेवन झालं की सोडते. काहून वं?"

"नका सोडू! मुळं सडतील."

कारण सांगितल्यावर आत्या पोट धरून हसल्या. "मंग तुह्या मशीनले वाढाले नको लावू माय. आमचा चुडामण पुरे हाये!"

जळगावला परतून फंक्शन तेच ठेवलं, फक्त प्रत्येक तुकड्याला वेगवेगळं लावलं. 'आर'मध्ये त्यासाठी 'सॅप्लाय' नावाची सोयच आहे. नव्या रोपांना अगदी थोडंसं पाणी निघालं.

आजही फोनवर विचारते, यंदाची रोपं कशी आहेत? "बेस हाये." म्हैस? "बेस हाये." तुमचा दुखरा गुडघा? "अवं, बठ्ठं बेस हाये!"

सगळ्याला एकच उत्तर आलं की मला चैन पडत नाही. रावेरकडे जाणार असाल, तर जरा आत्यांकडे डोकावा. एकेक वेगळं विचारा. आणि त्या चहा ठेवायला उठल्या, तर कशा उठतात तेवढं बघा.