मधली वहिवाट

जमिनीसाठी भांडणारे भाऊ मोजणीदाराने नोकरीभर पाहिले होते. जमीन नको म्हणून भांडणारे तो त्या सकाळी पहिल्यांदाच पाहत होता, आणि त्याचा चेहरा नाटकाचा फुकट पास मिळाल्यासारखा झाला होता.

थोरला बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी. घरच्यांशीही तो काचेपलीकडून बोलल्यासारखा बोले. धाकट्याचं सिमेंट-सळयांचं दुकान. वडील गेल्यावर दोघांनी आवार तोंडी वाटून घेतलं. पुढचं थोरल्याला, मागचं धाकट्याला. मधे पत्र्याची एक खोली उरली आणि त्या खोलीत उरली त्यांची बहीण. म्हाताऱ्याचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी, शिव्या हे सगळं तिने काढलं होतं. पन्नाशी उलटली तरी घरात ती बेबीच. मोठी झाली असं मान्य केलं असतं तर वाटाही द्यावा लागला असता.

त्या खोलीची एक भिंत फुगली आणि नगरपालिकेची नोटीस आली: मालकाने दुरुस्त करावी, नाहीतर पाडावी. दुरुस्तीला पैसे जाणार होते, पाडण्यात अब्रू. म्हणून खोली दुसऱ्याच्या हद्दीत आहे असं दोघांचंही प्रामाणिक मत झालं. पाडलीत तर मी राहू कुठे, असं बेबीने विचारून पाहिलं होतं. थोरला म्हणाला, धाकट्याला विचार. धाकटा म्हणाला, दादाला विचार. शेवटी मोजणी मागवली आणि आम्हा शेजाऱ्यांना पंच म्हणून उभं केलं.

मोजणीदाराने तिपाईवर यंत्र बसवलं, नकाशा उलगडला आणि सांगितलं की आवाराच्या आत सरकारी रेघ कुठलीच नाही. तोंडी वाटणी आहे, तेव्हा ज्याने त्याने आपापली हद्द दाखवावी, तो तिथे चुना टाकेल.

थोरल्याने टेप स्वतः धरली. खोलीच्या बऱ्याच अलीकडे तो थांबला आणि म्हणाला की दुसऱ्याची इंचभर जागा त्याला नको. हे बोलताना त्याने छातीवर हातसुद्धा ठेवला. या औदार्यात त्याची स्वतःची पाण्याची टाकी चुन्याच्या पलीकडे गेली, पण त्यागाच्या भरात माणसाचं खाली लक्ष नसतं. धाकटा कशाला मागे राहतोय. तो मागच्या बाजूने निघाला आणि इतका अलीकडे थांबला की रस्त्यावर जायचा त्याचा बोळच त्याने बाहेर ठेवला. वर आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "काही लोकांना सोडवत नाही. आपलं तसं नाही."

चुन्याच्या दोन रेघांमधे खोली, टाकी आणि बोळ असा ऐसपैस पट्टा उरला. मोजणीदाराने कानावरचं पेन काढलं.

"या मधल्या जागेत वहिवाट कोणाची?"

"बेबीची," दोघे एकदम म्हणाले. म्हाताऱ्याच्या तेराव्यालाही त्यांचं इतकं एकमत झालं नव्हतं.

कधीपासून, असं त्याने विचारलं. थोरल्याने खाकरून मजकूरच सांगितला: वडिलांच्या हयातीपासून, अखंड, एकटीची, उभय बंधूंचा सदर जागेशी कवडीचाही संबंध नाही. 'उभय' शब्द त्याने पुन्हा म्हणून दाखवला. दोघांनी सह्या ठोकल्या, आम्हीही केल्या. भिंतीचा खर्च दुसऱ्याच्या गळ्यात पडला या समाधानात दोघेही मिशीतल्या मिशीत हसत होते.

घोटाळा लक्षात आला तो धाकट्याच्या बायकोच्या. तिने ओट्यावरून विचारलं, "अहो, मग आपण बाहेर कुठून जायचं?"

थोरल्याने टाकीकडे पाहिलं. मग खोडाखोड करू, असं दोघे म्हणू लागले. आपल्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता. मोजणीदार यंत्राचे स्क्रू सैल करत होता. वहिवाट म्हणजे मालकी नव्हे, हे त्याने मान्य केलं. "पण आता बाईंना हलवायचं तर कोर्टात जा. आणि तिथे तुमच्याविरुद्ध साक्षीला तुम्ही दोघेच."

"ही म्हणजे हद्द झाली," थोरला म्हणाला.

"झाली ना. चुना टाकलाय," मोजणीदार म्हणाला.

बेबी इतका वेळ दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, की मग भिंत आता तिला बांधता येईल का. दुरुस्तीला कोण अडवतंय, असं मोजणीदार म्हणाला. तेव्हा थोरल्याचा आवाज मऊ झाला. "बेबी, तू घरचीच आहेस गं. हे कागद काय, आपल्यात असतात का असले कागद?"

"नसतात दादा. म्हणून तर माझं नाव कुठेच आलं नव्हतं कधी."

कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले ते दोघे पाच मिनिटांत एका स्कूटरवर बसून तक्रार करायला निघाले. धाकटा चालवत होता, थोरल्याने त्याचा खांदा घट्ट धरला होता. बहिणीने घर फोडलं असं म्हणत ते बोळातून गेले. जाताना तिला विचारावं लागेल हे अजून त्यांच्या डोक्यात उतरलं नव्हतं.

मोजणीदाराचा माणूस हद्दीचे दगड रोवू लागला. बेबी जवळ जाऊन बघत राहिली.

"जरा खोल पुरा," ती म्हणाली. "आमच्याकडे ढकलाढकल फार चालते."