शून्य मिलिमीटर

त्या दिवशी उज्वलाने त्रेसष्ट हात मोजले, आणि मोजून झाल्यावर ती आधीपेक्षा जास्त गोंधळली.

साल १९९८, नोव्हेंबर संपत आलेला. हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर भाताची झोडणी नुकतीच उरकली होती. नाशिकच्या एका प्रयोगशाळेने क्षयरोगाचा अभ्यास हाती घेतला होता आणि उज्वला तिथे तंत्रज्ञ होती. पदवी घेऊन दोनच वर्षं झालेली, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय. काम वरवर सोपं होतं. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला, कातडीत अगदी वरच्यावर, थेंबभर औषध टोचायचं आणि भोवती बॉलपेनने गोल काढायचा. तिसऱ्या दिवशी परत येऊन गोलात कडक गाठ उठलीय का ते बोटाने चाचपायचं, आणि उठली असेल तर पट्टी लावून तिचे मिलिमीटर लिहायचे. काहीच नसेल तर शून्य.

निघण्यापूर्वी प्रयोगशाळेचे प्रमुख सबनीस सरांनी तिला समोर बसवून समजावलं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाची एक जात असते. क्षयाचा जंतू एकदा अंगात शिरला की या पेशी त्याची ओळख पक्की ठेवतात. टोचलेल्या थेंबात त्या जंतूचा निर्जीव अंश असतो. तो दिसला की ओळख असलेल्या पेशी तिथे गोळा होतात आणि गाठ उठते. इथपर्यंत उज्वलाने कान देऊन ऐकलं. पुढे सर आणखी बरंच बोलले, पण तोवर ती रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली होती. अर्धं ऐकून पूर्ण मान डोलवायची खोड तिला शाळेपासून होती.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसून ती हात बघू लागली, आणि मग हिशेब लागेना. डोक्यावर मणभर भारा घेऊन डोंगर चढणाऱ्या कुसाबाईच्या हातावर सतरा मिलिमीटरची गाठ. पाड्यावरचा सगळ्यात काटक गडी पुंजा, त्याला पंधरा. आणि कुसाबाईची पोरगी भागी, वय अठरा, वजन एकतीस किलो, गळ्याची हाडं वर आलेली, तिचा हात मात्र शेणाने सारवलेल्या अंगणासारखा सपाट. उज्वलाने दोनदा बोट फिरवलं. आपण सुई खोल घातली की काय, अशी शंका तिला चाटून गेली. भागी मधूनमधून खोकत होती, पण विचारल्यावर म्हणाली की झोडणीचा भुसा घशात गेलाय. भुसा सगळ्यांच्याच घशात गेला होता, म्हणून उज्वलाने ते मानलं, रजिस्टरात नुसतं 'खोकला' लिहिलं आणि पुढे शून्य.

त्याच दिवशी सहादू मुकादम टेम्पो घेऊन आला. दरवर्षी भात निघालं की तो पाड्यावरची तीस-चाळीस माणसं द्राक्षमळ्यांवर न्यायचा. माणूस वाईट नव्हता. सणाला आपल्याकडून गूळ वाटणारा. गेल्या वर्षी मळ्यावरच्या शेडमध्ये एक मजूर रक्त ओकला होता, आणि तेव्हापासून सहादूने धसका घेतला होता. हातांवरचे गोल बघून त्याने उज्वलाला विचारलं, गाठ आली म्हणजे काय समजायचं. उज्वला घाईत होती. जंतू अंगात आहेत असं समजायचं, ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं, आणि तीच तर पंचाईत झाली.

सहादूने लगेच टेम्पोच्या फळीशी उभं राहून एकेकाचा हात बघायला सुरुवात केली. सपाट हात वर, गाठीचा हात घरी. पुंजाने गाठीवर गरम राखेची पुरचुंडी दाबून बघितली, त्याने ती आणखीच लाल झाली. कुसाबाई तर सहादूच्या अंगावरच धावून गेली. जन्मात कधी पडसं झालं नाही, आणि या बयेने मला एका सुईत आजारी केलं, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. उज्वलाला आत कुठेतरी टोचत होतं, पण जंतू असलेल्याने घरी राहावं यात चूक काय, हेही तिला सांगता येईना. आईला मागे ठेवून पहिल्यांदाच एकटी निघालेली भागी टेम्पोत चढताना घाबरली होती. तिला धीर द्यावा म्हणून उज्वला म्हणाली, "जा बिनघोर. तुझा हात साफ आहे."

सर आठ दिवस दौऱ्यावर होते. आल्यावर त्यांनी रजिस्टर चाळलं, आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. एकतीस किलो, खोकला, शून्य. ही मुलगी कुठे आहे, त्यांनी विचारलं. मळ्यावर गेली, उज्वला म्हणाली, गाठ नव्हती ना.

सरांनी चष्मा काढला. "गाठ न उठायची कारणं दोन. जंतू कधी भेटलाच नाही, हे एक. किंवा जंतूने माणूस इतका पोखरलाय की टी पेशींना उठायचं त्राणच उरलेलं नाही. तू यातलं कोणतं लिहिलंस?"

"मी शून्य लिहिलं," उज्वला म्हणाली.

मग तिला ते सगळं पुन्हा ऐकावं लागलं, जे ती चिठ्ठ्या चिकटवत असताना सांगून झालं होतं. ज्यांच्या अंगात टी पेशी जंतूला वेढा घालून बसल्यात, त्यांना गाठ येते. त्यातले बहुतेक जण आयुष्यभर ठणठणीत राहतात, आणि खुद्द सरांच्याही हातावर ती येते.  म्हणजे धडधाकट माणसं उज्वलाने घरी बसवली होती आणि जिला दवाखान्यात न्यायचं तिला शेडमध्ये पाठवलं होतं.

विंचूरच्या अलीकडे एका मळ्यात तिला सहादूची टोळी सापडली. बाया मांडवाखाली उभ्या राहून द्राक्षांचे कोवळे घड औषधाच्या मगात बुडवत होत्या. भागी बांधावर गुडघ्यात मान घालून बसली होती. तिच्या वाट्याची वेलींची ओळ बाकीच्या बायाच उरकत होत्या. उज्वलाने तिला दवाखान्यात न्यायची गोष्ट काढताच सहादू आडवा आला.

"म्याडम, हिचा हात साफ हाय. तुमीच सांगितलं."

"मी चुकीचं सांगितलं, सहादूदादा. सगळ्यांदेखत सांगितलं होतं, आता सगळ्यांदेखत परत घेते."

 मग गाठवाले बरे आणि बिनगाठीची आजारी, असं कसं, सहादूने विचारलं. तसंही नाही, उज्वला म्हणाली, गाठवाला आजारी असू शकतो आणि बिनगाठीचा बरा. यावर सहादूने डोक्यावरची टोपी काढून परत घातली. शेवटी उज्वलाने त्याला हात सोडून खोकला बघायला सांगितलं, आणि ते मात्र त्याला पटलं. टेम्पो त्यानेच काढला.

सरकारी दवाखान्यात भागीच्या थुंकीत जंतू सापडले. शेडमधल्या बाकीच्यांच्या थुंकीत नशिबाने काही निघालं नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, भागी पाड्यावर परतली, आणि उज्वला दर पंधरवड्याला स्वतः जाऊन गोळ्या देऊ लागली. तिच्यावर ती जबाबदारी कुणी टाकलेली नव्हती, पण तिला त्याशिवाय झोप लागत नव्हती.

फेब्रुवारीत भागीचं वजन छत्तीस झालं आणि खोकला थांबला. आता पुन्हा टोचून बघ, सर म्हणाले. उज्वलाने टोचलं. तिसऱ्या दिवशी गोलात बोट ठेवलं तर तिथे चांगली टणक गाठ. चौदा मिलिमीटर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उज्वलाला मनापासून हसू आलं.

 भागीने मात्र हात ओढून घेतला आणि पदराखाली झाकला.

"बघा, तुमच्या गोळ्या खाऊन आला आजार. माझा हात साफ व्हता. आता मी नाय खानार गोळ्या."

उज्वलाचं हसू जागच्या जागी विरलं. अजून चार महिन्यांच्या गोळ्या बाकी होत्या. मध्येच सोडल्या तर रोग उलटतो, आणि उलटलेल्या रोगावर तेच औषध चालेलच असं नसतं. असे दोन पेशंट तिने डोळ्यांनी बघितले होते. ती समजावायला लागली. रोगाने थकलेल्या पेशी आता जाग्या झाल्यात, हे चांगलं लक्षण आहे, वगैरे. पण नोव्हेंबरात तिनेच गाठीला वाईट म्हटलं होतं आणि फेब्रुवारीत तीच चांगलं म्हणत होती. भागीने तिच्यावर का विश्वास ठेवावा, हे उज्वलालाही कळेना. भागी रडत नव्हती. खालच्या आवाजात ती म्हणाली, "ताई, शून्यच लिहा ना. सहादूदादा न्हेनार नाय मला."

कुसाबाई चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत होती.  हात न धुताच ती उठली, भागीच्या शेजारी टेकली आणि तिचा हात पदरातून बाहेर काढून त्याला आपला हात लावला. कुसाबाईच्या हातावर नोव्हेंबरातल्या गाठीचा काळपट डाग अजून दिसत होता.

"माजी बी उठली व्हती. मेले का मी? पोरी, दाराशी चोर आला तरी तुझ्या अंगातलं कुत्रं उठत नव्हतं, इतकं उपाशी व्हतं. आता ते भुंकाय लागलं, आन् तू रडं घालती."

भागीने आईच्या डागावर बोट ठेवलं, मग आपल्या गाठीवर. उज्वला पेन धरून बसली होती. शून्य ती लिहिणार नव्हती, पण चौदा लिहायचीही तिला भीती वाटत होती.

"आईची किती व्हती?" भागीने विचारलं.

"सतरा."

"मंजी मला अजून तीन कमी हायेत."

असं नसतं, उज्वला म्हणणार होती. हे काही परीक्षेचे मार्क नव्हते. गाठ मोठी म्हणजे माणूस जास्त बरा, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात भागीने हात पुढे केला आणि गोळ्या मागितल्या.

उज्वलाने रजिस्टरात चौदा लिहिलं, आणि माठातून पेलाभर पाणी काढून दिलं.