टोपीवरचं देवक

सुटीवर घरी आलेला पोरगा आईच्या पाया पडायच्या आधी टोपी ठेवायला जागा शोधतो, हे वागणं आनंदाबाईला मुळीच पटलं नव्हतं. खुंटी रिकामी होती. पण जागेश्वरनं टोपी थेट देवाच्या फळीवर ठेवली, टाकांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीवरचा पितळी बिल्ला काढून चिंच आणि राख घेऊन घासायला बसला. घरच्या समईचं एवढं नशीब कधी उघडलं नव्हतं.

"थे काय हाये एवढं?" तिनं विचारलं.

"आमच्या पलटणीचं निशान, माय. याच्यावर हात ठेवून शपथ घेतो, भुईवर पडू देत नाई आम्ही. ज्याच्या टोपीवर हे, थो आपला भाऊ. सख्ख्यापरीस सख्खा."

आनंदाबाईनं बिल्ला हातात घेतला. मधे दोन कट्यारी एकमेकींवर आडव्या, वर शंख, आणि दोन्ही बाजूंनी वळत आलेली पानांची माळ. ती शाळेत दुसरीपर्यंतच गेली होती, पण आंबागडच्या आसपासच्या पाच गावांत कोणाचं देवक काय, ते तिला तोंडपाठ होतं. आपलं कळंब, गावातल्या मधुकररावाकडचं मोराचं पीस. सोयरीक पक्की करायच्या आधी बाया तिलाच विचारायला येत. देवक एक निघालं की रक्त एक, मग लग्न नाही. कुंताबाईच्या गुलाबची सोयरीक तिनंच याच पायी मोडली होती.

तिसऱ्या दिवशी कोंढ्याचा टिकाराम आला. धाकट्या बहिणीसाठी, चंद्रकांतासाठी, हे स्थळ जागेश्वरनंच आणलं होतं. लढाईत दोघं एका खंदकात होते. त्या वेळचा फोटो भिंतीवर होता आणि गेली तीन वर्षं चंद्रकांता त्याच्यावरची धूळ जरा जास्तच पुसत होती, हे आईच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तळ्याखालचं धानाचं वावर, कूळ वेगळं, देवक उंबर. आनंदाबाईच्या ओठांवर होकार आलाच होता.

"तीन वर्षं झाले, याचा कान पिळाची वाट पाहून राहिलो," जागेश्वर हसत म्हणाला. मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा.

तेवढ्यात टिकारामनं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याच कट्यारी, तोच शंख, तीच पानं.

कुंताबाई शेजारचीच, पाहुणा पाहायला आलेली. तिनं एकदा मांडीवरची टोपी पाहिली, एकदा फळीवरची. "आनंदाबाई, माह्या गुलाबच्या वक्ताले तुम्हीच म्हनलं होतं ना, एक देवक म्हंजे बहीण-भाऊ?"

आनंदाबाईच्या हातातली चहाची बशी हातातच राहिली. उंबर तर उंबर, पण मग हे काय? देवाच्या फळीवर बसतं, त्याची शपथ घेतात, भुईवर पडू देत नाहीत. देवक याहून वेगळं काय असतं? होकार द्यावा, तर गुलाबच्या आईला कोणत्या तोंडानं सामोरं जावं? नाही म्हणावं, तर आतल्या दाराआड उभी असलेली पोर आयुष्यभर फोटो पुसत बसेल.

"जागेश्वर, थे पानं कोनत्या झाडाचे?"

"पानं? पानं म्हंजे... पानंच, माय."

"आंब्याचे नाई, पळसाचे नाई, मोहाचे तर नाईच. बापू, तुम्ही सांगा."

टिकारामनं टोपी उलटसुलट करून पाहिली. "मामी, थे झाड आपल्याकडे होतच नाई म्हनते. इंग्रज साहेबानं निशान बनवलं तवा त्याच्या मुलखातले पानं टाकले. साहेब गेला, पानं राहिले."

आनंदाबाई आणखीच गोंधळली. आपल्या कळंबाला घरातलं कोणी कुऱ्हाड लावत नाही. ज्या झाडाची सावली पाहिली नाही, त्याला कुऱ्हाड लावू नये हे तरी कसं कळायचं? आणि न पाहिलेल्या झाडापायी माणसं एका खंदकात मरायला बसतात, ते काय खोटं म्हणायचं? डोक्यात सगळा काला झाला.

आतल्या दारातून चंद्रकांताचा आवाज आला. "माय, मी कोठं टोपी घालतो?"

कुंताबाई हसली. आनंदाबाई हसली नाही. तिनं बशी खाली ठेवली. पोर खरं बोलली होती. कळंब घरात जन्मलेल्या सगळ्यांचं, पोरीसकट. हे निशान ज्यानं हात ठेवून शपथ घेतली त्याचं, आणि या घरातून शपथ एकट्या जागेश्वरनं घेतली होती. ती उठली, फळीवरची टोपी दोन्ही हातांनी उचलली, पदरानं पुसली आणि जागेश्वरच्या ओंजळीत दिली.

"पोरगी कळंबाची, थे उंबराच्या घरी सुखानं जाईन. पन तू त्याचा सख्ख्यापरीस सख्खा भाऊ ना? मंग तू वराकडचा. वऱ्हाडाच्या ट्रकात बसून कोंढ्याहून ये, जेवाले त्याच्याच पंगतीत बस. कान पिळाले माह्या दिराचा पोरगा श्यामराव उभा राहीन. आन् हे निशान तुह्यासंगं ने, बाबू. वराकडचं देवक वराच्या घरी बसते, नवरीच्या घरी नाई."