घर्षण उद्या शिकू

"कोणी ढकलल्याशिवाय वस्तू हलत नाही आणि कोणी अडवल्याशिवाय थांबत नाही," एवढं शिकवून बाईंनी घर्षण उद्यावर ठेवलं. सुटीची घंटा झाली, तरी तिसरीचा वर्ग जागचा हलेना.

"अरे, घरी नाही का जायचं?"

"ढकला ना, बाई!"

बाईंनी हसत एकेकाला हलकेच ढकललं. मुलं नाकासमोर निघाली ती न्यायला आलेल्या आयांच्या हाकांनाही न जुमानता फाटकाकडे. पलीकडे गाड्यांचा रस्ता! चपला तिथेच टाकून बाई धावल्या.

"ऐका रे! जमीन पायांना धरून ठेवते, त्यालाच घर्षण म्हणतात!"

मुलं मंदावत फाटकाशी थांबली.

"आता यांना न्यायचं कसं?" एका आईने विचारलं.

बाईंना धाप लागली होती. "घरापर्यंत पुरेल इतकंच ढकला."