फ्लॉपीचा दोष

मधुकररावांनी फ्लॉपी ड्राइव्हमधून काढली, तिच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने फुली मारली आणि पडद्याकडे पाहिले. संदेश तोच : वाचता येत नाही.

"काका, छोडो ना आता," लॅबचा मालक कुशल दारातूनच म्हणाला. "भरवेली खाणीचे सॅम्पल नागपूरले पाठवून देतो. हा डब्बा भंगारात."

शांताबाईंनी हातातली मँगनीजच्या भुकटीची पुडी खाली ठेवली. हे तपासणी-यंत्र सुरुवातीपासून त्याच चालवत होत्या; ते गेले, तर लॅबमध्ये त्यांना दुसरे काम नव्हते.

"संध्याकाळपर्यंत थांब," मधुकरराव म्हणाले.

यंत्राच्या संगणकाची हार्ड डिस्क गेली होती. नवी बसवली, पण तिच्यावर युनिक्सच्या घराण्यातली जुनी प्रणाली फ्लॉप्यांवरूनच चढवावी लागणार होती. याच फ्लॉप्या काल घरच्या ड्राइव्हवर बिनतक्रार वाचल्या गेल्या होत्या. केबलही बदलून झाली होती. उरला इथला ड्राइव्ह. पण त्याचे फ्लॉपी वाचणारे हेड त्यांनीच उन्हाळ्यात पुसले होते. पॉलिटेक्निकमध्ये ते मुलांना बजावत : आधी कारण, मग उपाय, आणि सापडलेले कारण लपवायचे नाही.

"दसऱ्याले तं चांगली चालू होती, सर," शांताबाई म्हणाल्या. "मीच पूजा केलती तिची."

मधुकररावांचा स्क्रूड्रायव्हर क्षणभर थांबला. मग त्यांनी ड्राइव्हचे झाकण उघडले. कोपऱ्यात तांदळाचा दाणा अडकला होता. हेडवर लालसर थर होता.

शांताबाईंनी वाकून पाहिले. त्यांचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला.

स्पिरिटचा कापूस लाल झाला. त्यानंतर त्याच फ्लॉप्या एकामागून एक वाचल्या गेल्या.

"अरे, चालू झालं!" कुशल आत आला. "काय होतं, काका?"

मधुकररावांनी कापूस मुठीत घेतला.

"फ्लॉप्या खराब होत्या. दुसऱ्या वापरल्या."

"मंग फेका ना ते!"

फुल्या मारलेल्या फ्लॉप्या मधुकररावांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. कुशल फोन लावत बाहेर गेला.

त्यांनी संगणकाच्या माथ्यावर, फ्लॉपीच्या खाचेपासून दूर, पेन्सिलीने लहानसे वर्तुळ काढले.

"पुढच्या दसऱ्याले कुंकू इथं लावा, बाई."

"हौ सर." थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले, "अन् अक्षता?"

"अक्षता राहू द्या. त्याले भूक नाही लागत."