डबीत अडकलेला वारा

“आज हिला कामाला जुंपायचं नाही हं, रोशनी. उद्या सोनं वाटून झालं की मग.” रोशनीच्या आईचं, मालनबाईंचं, ते हळू बोलणं मला अजून आठवतं.

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, गौलीगुडा या मोहल्ल्यातल्या एका घरातली. तळहाताएवढी काळी डबी. पण माझ्यात फार दूरच्या एका आकाशगंगेचा वारा आहे. तिच्या मध्यावर प्रचंड कृष्णविवर आहे. त्यातून काही सुटत नाही म्हणतात, ते खरंच. पण भोवती गरगरणारा सगळाच वायू आत पडत नाही. तिथल्या प्रखर उजेडाच्या रेट्याने थोडा वायू काठावरूनच बाहेर उधळतो, प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याने. तो त्या प्रकाशाच्या वर्णपटात एक काळी रेघ सोडतो. रेघ आपल्या जागेवरून किती सरकली, त्यावरून रोशनीने वाऱ्याचा वेग काढला. दोन वर्षं खपून, आणि तो सगळा हिशेब माझ्यात साठवला. संशोधनाच्या सरांची शाबासकी मिळाली तेव्हा तिने मलाच थोपटलं होतं. दुसरी प्रत मात्र काढायची राहिली.

खंडेनवमीला मालनबाईंनी मला विळी-कात्रीशेजारी पाटावर मांडलं. फुलाने पाणी शिंपडलं, ओलं कुंकू लावलं. ते नेमकं तार जोडायच्या खाचेत शिरलं. दसऱ्याला रोशनीने तार जोडली. मी एकदा कण्हले आणि गप्प झाले.

“हत्यार म्हणून पुजलं, देवानं ठेवूनच घेतलं,” रोशनीचे बाबा म्हणाले.

कोटी बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानदाराने विचारलं, “पानी-वानी गया क्या इसमें?”

“नई, ऐसेच बंद पड़ गई,” रोशनीने आईला सांभाळून घेतलं.

त्याने मला वरवर पाहून परत दिलं. तेव्हापासून मी कपाटात, साड्यांच्या घडीखाली. कृष्णविवराच्या काठावरून निसटलेला वारा इथे जागच्या जागी कोंडला आहे, आणि मीही.

म्हणून सांगते मित्रांनो, आम्हाला नुसतं पुजू नका. मोलाचं ते दोन ठिकाणी ठेवा. आणि आम्ही बिघडलो, तर काय झालं ते दुरुस्त करणाऱ्याला खरं सांगा.

काल रोशनी आईला म्हणाली, “सर म्हणतात, हिशेब दाखव, नाहीतर पहिल्यापासून कर.”

“दुकानात कुंकवाचं सांगितलंस?” मालनबाईंनी विचारलं.

“तुला हसले असते ना लोक.”

“हसू देत की. सांगितल्याशिवाय तो नीट उघडेल कसा? उद्या मीच जाते.”

आज पूजा आटोपून मालनबाईंनी मला मऊ फडक्यात गुंडाळलं. कडक उपास होता, त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मला पिशवीत ठेवून चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.