मापट्यावरची शीग

मी एक जुनं मापटं आहे. पितळेचं, पसरट, तोंडाने रुंद आणि काठाला एका जागी चेमटलेलं. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं असेल, फक्त ओळखलं नसेल. माझी काही भावंडं हल्ली टेबलावर पेनं सांभाळत बसतात, काहींच्या पोटात कोरफड लावलेली असते. कोरफडीशी माझं भांडण नाही. पण ज्याने जन्मभर धान्य मोजलं, त्याला मातीने भरून ठेवलं की जीव गुदमरतो.

तुळजापूरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. माणूस तिरसट, पण हाताला लई साफ. सगळे तांबट मापटी उंच करायचे, याने मला रुंद केलं. "तोंड अरुंद असलं तर शीग ऱ्हात न्हाय," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. शीग म्हणजे काय, ते आधी सांगतो. मापटं काठोकाठ भरल्यावर वरून आणखी दाणे ओतले, की मधोमध एक टोकदार रास उभी राहते. ती शीग. तळहात फिरवून ती पाडली, की माप सपाट झालं. एवढं ध्यानात ठेवा, कारण एका हुशार मुलीचं घोडं नेमकं याच ठिकाणी अडलं होतं.

बेंबळीच्या एका किराणा दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. तूर, हरभरा, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, करडई, सगळ्यांची चव मला ठाऊक आहे. मग सरकारने वजनमापं बदलली. किलो आले आणि मी एका दिवसात बेकायदा ठरलो. दुकानदाराने मला खिळे ठेवायला घेतलं, त्याच्या मुलाने मोटारसायकलचे नटबोल्ट ठेवायला, आणि नातवाने सरळ भंगारवाल्याच्या पाटीत टाकलं. मोडीच्या भावात जायची वेळ आली, तेव्हा खरंच रडू आलं होतं.

त्या पाटीतून मला उचललं गावातल्याच हरणाबाईंनी. त्याला आता बावीस वर्षं झाली. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि घराघरातलं गावरान शाळवाचं बी खाण्यात संपलं होतं. हरणाबाईंनी गावातल्या बायका गोळा केल्या, इकडून तिकडून बी जमवलं, ते राखेत घोळून बांबूच्या विणलेल्या एका कणगीत भरलं आणि बी जिथवर आलं तिथे कणगीच्या आतून गेरूची एक रेघ ओढली. पेरणीला ज्या बाईला बी हवं तिने न्यावं, सुगीला परत आणून घालावं. मोजायला मी. तेव्हापासून आजतागायत त्या कणगीवर पालथं निजायचा मान माझा आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला तिथे उम्मेहानी आली. नळदुर्गच्या हायवेवर तिच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान. ही पोरगी मात्र विद्यापीठात उपयोजित अर्थशास्त्र आणि वित्त या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. विषयाचं नाव ऐकूनच मला धाप लागली. शेवटच्या वर्षाला एक प्रबंध लिहायचा असतो, आणि बँकेच्या दारात न जाता लोक उसनवारी कशी भागवतात, हे तिने शोधायला घेतलं होतं. दोन एसट्या बदलून ती यायची, आणि आल्या आल्या प्रश्न सुरू. कणगीला शेण का? बियाला राख का? मोजताना हरणाबाई "लाभ, दोन, तीन" म्हणायच्या, तर लगेच, "मावशी, एक कुठं गेला?"

"पयल्या मापाला लाभ म्हनत्यात, पोरी. आमच्याकडं येक म्हनत न्हाईत."

तिने तेही लिहून घेतलं. मला ती आवडली. इतकं कुतूहल मी आजवर फक्त उंदरात पाहिलं होतं.

तीस बायकांच्या घरी जाऊन तिने प्रश्नावली भरली. किती मापटी बी नेलं? आठ. सुगीला किती परत करणार? आठ. तिसांच्या तीस बायकांनी हेच सांगितलं आणि एकीचंही खोटं नव्हतं. उम्मेहानीने आनंदाने लिहिलं, व्याजदर शून्य. मी कणगीवर तळमळत होतो. अगं, मला विचार ना! पण मापट्याला प्रश्न विचारायचा असतो हे विद्यापीठात शिकवत नसावेत.

फाल्गुनात बी परत येऊ लागलं, तेव्हा ती पाहायला आली. पहिल्या बाईने मला भरलं, वर आणखी ओंजळ ओतली आणि शीग टोकाला पोचेपर्यंत ओतत राहिली. मग हळूच कणगीत रिकामं केलं. लाभ. पुन्हा शीग. दोन. उम्मेहानीची पेन्सिल थांबली.

"मावशी, पेरणीला देताना पण असंच शिगोशीग देता?"

"न्हाय गं. देताना सपाट. परत आनताना शीग."

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तू किती ते इचारलंस. कसं ते कुठं इचारलंस?"

पोरीचा चेहरा उतरला. तिने पिशवीतून घरातला छोटा वजनकाटा काढला. सपाट भरलेल्या मापट्यात शाळू भरला साडेचारशे ग्रॅम, शिगोशीग भरलेल्या मापट्यात पाचशे चाळीस. पाच महिन्यांत शेकडा वीस जास्त. तिने तिथूनच आपल्या मार्गदर्शकांना, गौरीशंकर सरांना फोन लावला. फोन कणगीवर ठेवलेला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"वर्षाचा दर काढलास का? अठ्ठेचाळीस टक्के होतो," सर म्हणाले. "शून्याचा तक्ता खोड. आणि उम्मेहानी, याला सावकारी म्हणतात. माणसं भली वाटली म्हणून आकडा लपवायचा नसतो. पंधरा दिवसांत प्रबंध जमा करायचाय."

सर कठोर नव्हते, खरं तेच बोलत होते. पण छापलेल्या कागदावर हरणाबाई सावकारीण होणार, आणि गावातलं कुणीतरी तो कागद वाचणारच. बावीस वर्षांच्या कामाला एका शब्दाने काळं फासलं जाणार होतं. ज्या घरी उम्मेहानी चार महिने भाकरी खात होती, त्याच घराबद्दल तिला हे लिहायचं होतं. न लिहावं तर शिक्षणाशी बेइमानी.

शेवटी तिने विचारलंच. "मावशी, ही शीग जाते कुठं? तुम्ही ठेवता का?"

हरणाबाईंना ते लागलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "समद्या बायकांचं झालं की कणगीत बघ. रेघ तिथंच हाय. मंग इचार मला."

त्या आठवड्यात गारा झाल्या होत्या. ओढ्याकाठच्या पाच रानांतला शाळू आडवा झाला, कणसात काही राहिलं नाही. त्या पाच जणी बी परत करू शकल्या नाहीत आणि त्यांना कुणी मागितलंही नाही. बाकी पंचवीस जणींनी आठ आठ मापटी घातली. शेवटचं माप पडलं त्या संध्याकाळी उम्मेहानीने कणगीत बॅटरी मारली. शाळू बरोबर गेरूच्या रेघेला टेकला होता.

"असं कसं? पाच जणींचं आलंच नाही, तरी कणगी भरली?"

ती तिथेच जमिनीवर बसली. नेलेली मापटी दोनशे चाळीस, सगळी सपाट. आलेली दोनशे, सगळी शिगोशीग. तिने वजन काढलं. नेलेलं एकशे आठ किलो आणि आलेलंही एकशे आठ किलो. तिने तीनदा आकडेमोड केली. मित्रांनो, त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो पाहायला मी आणखी बावीस वर्षं पालथा पडून राहीन.

"म्हणजे ज्यांचं पिकलं त्यांची शीग, आणि ज्यांचं गेलं त्यांचं बी!"

"येकांद्या साली जास्तीचं ऱ्हातं, मंग नव्या बाईला देतो. कमी पडलं तर समद्या येक येक मापटं कमी नेतो," हरणाबाई म्हणाल्या. "ह्याला तुमच्या पुस्तकात काय म्हनत्यात, म्या काय सांगू?"

"विमा म्हणतात, मावशी." तिने वही उघडली. "त्या पाच जणींची नावं सांगा."

हरणाबाईंनी चारच नावं सांगितली.

"पाचवी?"

"पाचवी म्याच की. ओढ्याकाठी माझंबी रान हाय."

उम्मेहानीने वही मिटली आणि हरणाबाईंचे दोन्ही हात धरले. जिला ती सावकारीण लिहायला निघाली होती, तिचीच आठ मापटी बाकी होती. तरीही हरणाबाईंनी शेजारणींच्या शिगेतला एक दाणा घरी नेला नव्हता.

प्रबंध जमा झाला. तोंडी परीक्षेला हरणाबाईंनी मला फडक्यात बांधून तिच्याबरोबर धाडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी एसटीत बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "व्याजदर शून्य की अठ्ठेचाळीस?" उम्मेहानीने मला त्यांच्यापुढे ठेवलं, शाळवाची पिशवी दिली आणि म्हणाली, "सर, आधी सपाट भरा. मग शीग लावा." त्या भल्या माणसाने चार वेळा प्रयत्न केला, दाणे टेबलाखाली घरंगळले आणि गौरीशंकर सर वाकून ते वेचू लागले. मग तिने पाच जणींची गोष्ट सांगितली. आकडा एकही लपवला नाही. ती पास झाली, चांगल्या गुणांनी झाली.

यंदाच्या पेरणीला ती मुद्दाम बेंबळीला आली. हरणाबाईंची पाळी शेवटी. "मी मोजते," म्हणत उम्मेहानीने मला हातात घेतलं, काठोकाठ भरलं आणि मायेने वर आणखी एक ओंजळ ओतली. हरणाबाईंनी पुढे होऊन तळहात फिरवला आणि ती शीग कणगीत पाडली.

"सपाट कर, पोरी. मागल्या सालचंबी द्यायचं ऱ्हायलंय. रान पिकू दे, शीग म्या आनीन."

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं भावंड असेल, तर त्याच्यातली माती काढा, चिंचेने घासा आणि एकदा तरी त्यात दाणे ओतून बघा. ज्यांनी ते हाताळलं त्यांना नुसतं किती मोजलं ते विचारू नका, कसं मोजलं तेही विचारा. आणि कुणाकडून कधी सपाट मापाने काही आणलं असेल, तर परत करताना शीग लावायला विसरू नका.